धरणाकाठच्या लाटा

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पाचवीच्या मुलांना नकाशा शिकवताना मी तीस वर्षं हेच सांगत आले. भिंतीवरच्या नकाशात आधी आपल्या भंडाऱ्यावर बोट ठेवायचं, मग ते ओढत ओढत डावीकडच्या निळ्या रंगापर्यंत न्यायचं. एखादं पोरगं हमखास विचारायचं, "मॅडम, तुम्ही पाहिला काय?" मी म्हणायचे, "नाही रे बाबा. पाहीन कधीतरी." आणि पुढचा धडा काढायचे.

तरी पवनीहून ऑटोने अर्ध्या तासावर, धरणाच्या पाण्याकाठी, आमच्याकडे एक 'बीच' आहे. म्हणजे हॉटेल आहे. काढणाऱ्याचा मूळ धंदा बिछायतीचा, लग्नात मंडप, खुर्च्या, गेट भाड्याने द्यायचा. त्यामुळे तिथे जे काही आहे ते कुठल्या ना कुठल्या लग्नात पाहिलेलं आहे. प्लास्टिकची नारळाची झाडं पूर्वी स्वागताच्या गेटपाशी उभी असायची. निळं कापड स्टेजच्या मागचं. खुर्च्यांच्या पाठीला सॅटिनच्या फिती अजून लोंबतात. बोर्डावर डॉल्फिन काढलाय, पण पेंटरने आयुष्यभर रोहू मासळीच पाहिलेली, म्हणून त्या डॉल्फिनला खवले आहेत. खाली वैनगंगेची रेती अंथरली आहे. आणि आमची माणसं अशी, की त्या रेतीच्या कडेला पोचली की कोणी न सांगता चपला काढतात, ओळीने लावतात आणि पंगतीला जावं तशी आत जातात. मालकाने सुरुवातीला 'राहू द्या जी, राहू द्या' करून पाहिलं. मग त्यानेच चपलांसाठी एक रॅक आणून ठेवला.

मला ती जागा फार आवडायची. हसायचं असेल तर हसा. पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलं की पलीकडचा काठ दिसेनासा होतो आणि वाऱ्याने पाण्याला बारीक लाटाही येतात. मालकाचं जेवण खरंच चांगलं होतं. झिंगे कांद्यात परतून कोरडे करायचा, तेही मिशा न जाळता. मरळीचा रस्सा पातळ आणि झणझणीत, सोबत तांदळाची गरम भाकर. तिथे रेतीत पाय खुपसून बसलं की मी मनातल्या मनात नकाशावरचं ते बोट डावीकडे ओढायची. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, समोर बसून काटे काढून मरळीचे तुकडे माझ्या ताटात सरकवायचे आणि म्हणायचे, "हे ट्रायल समज. खरं बाकी आहे."

हे 'खरं बाकी आहे' काय होतं, ते समजायला आमच्या घरातलं 'नवं' समजायला पाहिजे.

माझं सासर लाखांदूरच्या बाजूचं. दोन बांध्यांचं, म्हणजे बांध घातलेल्या दोन तुकड्यांचं, धानाचं शेत आहे, आता ते बटईने, अर्ध्या वाट्याने दिलेलं, पण नव्या तांदळाची पहिली पायली अजूनही आमच्याकडे येते. दिवाळीच्या आसपास हलका, लवकर पिकणारा धान निघाला की त्याचा पहिला भात रांधायचा, देवापुढे ठेवायचा आणि मग घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. याला आम्ही नवं खाणं म्हणतो. घरातलं एकही माणूस बाहेर असेल तर त्या भाताला कोणी हात लावत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी यांची एसटी वाटेत बंद पडली आणि हे आले दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर सगळं घर कालच्या पोळ्या चावत बसलेलं, आणि नव्या भाताचं पातेलं झाकून ठेवलेलं. मी शहरातून आलेली नव्हते, पण आमच्या माहेरी एवढं कडक नव्हतं. मला तेव्हा आधी हसू आलं आणि नंतर गहिवरून आलं. आपल्यासाठी कोणी एवढं थांबतं, याचं मला अप्रूप वाटलं.

यांनी तो नियम भातापुरता ठेवला नाही. झाडावरचा पहिला पिकलेला आंबा, नवी गाडी, मुलीचा पहिला निकाल, काहीही असो, हे म्हणायचे, "थांब, नवं आहे, सगळे मिळून." आमच्याकडे पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा त्यावर कुठल्या तरी कार्यक्रमात समुद्र दाखवत होते. मी कणीक मळता मळता दारात येऊन उभी राहिले. हे म्हणाले, "तू पाहिला नाही, मी बी नाही. समुद्र आपलं नवं आहे. तुह्याबिगर नाही पाहणार मी." मी कणकेच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाले, "पाहा हं, शब्द दिला." तो शब्द मी तीस वर्षं उशाशी घेऊन झोपले, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

जाणं मात्र होत नव्हतं. आधी सासूबाईंचं आजारपण, मग मुलीची शाळा, मग माझ्या निवडणुकीच्या ड्यूट्या, मग यांची बदली. शाळेतल्या बायका दोनदा सहलीला कोकणात गेल्या. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. "आमच्याकडे नवं एकट्यानं करत नाहीत," असं ऐटीत सांगितलं. त्या येताना शंख घेऊन आल्या, तोही मी कानाला लावला नाही. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "तुमचं आपलं काहीतरीच असतं." त्यात थोडं कौतुक होतं, असं मी धरून चालले.

म्हणून धरणावर ते हॉटेल निघालं तेव्हा आमच्या घरात ते सणासारखं झालं. लग्नाचा वाढदिवस तिथे, मुलगी पुण्याहून आली की तिथे, माझ्या निवृत्तीचं जेवण तिथे. माझी धाकटी नणंद आंधळगावला दिलेली. ती आणि जवाईबुवा आले की पहिली फर्माईश तीच असायची. नणंद माझ्या शेजारी बसायची, पाण्याकडे पाहायची आणि म्हणायची, "वहिनी, समुद्र असाच असन ना वं?" मी मास्तरणीच्या थाटात सांगायची, याच्यापेक्षा मोठा, पाणी खारट, भरती-ओहोटी असते. ती मान डोलवत ऐकायची. मी तिला चंद्रामुळे भरती कशी येते ते मिठाची वाटी आणि लिंबाची फोड घेऊन समजावून सांगितलेलं आहे. ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

यंदाच्याच रक्षाबंधनाची गोष्ट. नणंद राखी बांधायला आली होती, आणि दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून आम्ही चौघं दुपारी धरणावर जेवायला गेलो. पाणी काठोकाठ होतं. मालकाने नवीन गंमत केली होती. लग्नातले डीजेचे दोन डबे माडांच्या मागे ठेवून त्यावर समुद्राच्या लाटांचा आवाज लावला होता. दर थोड्या वेळाने धडाम् करून लाट फुटायची आणि लोक भाकरीचा घास हातात धरून दचकायचे. मालक टेबलाटेबलाशी जाऊन विचारत होता, "कसं वाटते जी? ओरिजनल वाटते ना?"

आमच्या टेबलाशी आला तेव्हा यांचं पोट भरलेलं होतं, झिंगे मनासारखे जमले होते, मूड मस्त होता. हे म्हणाले, "नाही भाऊ, हे खोटं वाटते."

"काहून जी?"

"लाट येते ना, तवा एवढा आवाज नाही करत. ते परत जाते तवाचा आवाज खरा. सर्रर्र करून रेती ओढत नेते. अन् आपण उभे राहिलो की टाचेखालची रेती अशी सरकते," म्हणत हे उठले, अनवाणी उजवा पाय रेतीत रोवला आणि टाच हळूहळू आत दाबून दाखवू लागले. "अशी. आधी टाच जाते, मंग तोल जाते. वाटते आपणच चाललो आत."

मी पाहत राहिले. टीव्हीवर लाटेचा आवाज येतो, पण टाचेखालची रेती सरकलेली टीव्हीवर कळत नाही.

तेवढ्यात जवाईबुवा जोरात हसले. "तोल जाते म्हणता? तुम्ही त सपशेल पडलेच होते ना जी! पँट ओली झालती, मंग माह्या लुंगीवर बसले गाडीत!"

नणंदेचा पापड तोडणारा हात तिथेच थांबला. यांचा पाय रेतीत तसाच राहिला. मागे माडांतून लाट फुटली. जवाईबुवांच्या लक्षात यायला एक क्षण जास्त लागला. मग त्यांनी रश्श्याची वाटी उचलून तोंडाला लावली, ती खाली ठेवेचनात.

मी विचारलं, "कधी?"

नणंद पापडाचा चुरा करत राहिली. मी वर्गात विचारायची त्या आवाजात पुन्हा विचारलं, "मी विचारून राहिले, कधी?"

नणंद म्हणाली, "वहिनी, जाऊ द्या ना. जुनी गोष्ट हाय."

मालक बिचारा अजून उभाच होता. मी त्याला म्हणाले, "भाऊ, त्या लाटा बंद करा." त्याने बंद केल्या. मग सगळ्या हॉटेलात नुसता ताटावाट्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मी उठले, हात धुतले, सरळ रस्त्यावर आले आणि पवनीकडे निघालेल्या एका ऑटोत बसले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की चपला रॅकमध्येच राहिल्या. अनवाणी घरी आले. दुसऱ्या दिवशी मालकाने चपला वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवल्या, सोबत विचारणा, की जेवणात काही कमी-जास्त झालं का.

मुलगी बारावीला होती, त्या वर्षीचं हे. हे मला सांगून गेले होते की पुण्याला ऑफिसचं ट्रेनिंग आहे, आठ दिवस. नणंदेच्या गाडीत एक जागा रिकामी होती. ती मंडळी कोकणात चालली होती. हे निघाले आणि गेले. धरणावरून त्या संध्याकाळी घरी आल्यावर यांनी हे सगळं दारातच उभं राहून सांगितलं. मी आत या म्हणाले नाही आणि ते आले नाहीत.

"पोरीचं बारावीचं साल होतं. तू येऊच शकत नव्हती. एकच जागा होती. मंग म्हटलं, तुले सांगून काहून दुखवायचं?"

"मंग गेलेच काहून?"

"इच्छा झाली."

एवढंच. बाकी सगळं मी स्वतःच जोडत गेले, पुढचे कितीतरी दिवस. भांडी घासताना, बाजारात, देवासमोर बसले असताना, एकेक गोष्ट वर यायची. ट्रेनिंगहून आले तेव्हा यांच्या नाकाची साल निघाली होती. मी म्हणाले, पुण्याला एवढं ऊन असतं का, आणि कोरफड लावून दिली. काजू आणले होते, ते पुण्यात स्वस्त मिळाले म्हणून सांगितलं. ते काजू मी मुलीला रोज सकाळी मोजून चार द्यायची, अभ्यासाला बुद्धी चालावी म्हणून. जाताना मी यांच्या बॅगेत चिवड्याचा डबा दिला होता, बाहेरचं खाऊन पोट बिघडू नये म्हणून. पुढे कधीतरी नणंद म्हणाली होती, "वहिनी, तुमच्या चिवड्याले तोड नाही, हवेवर बसून खाल्ला की अजूनच." मी समजले, आंधळगावच्या गच्चीवरची हवा.

आणि तो फोन. तेव्हा मी रोज दुपारच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यातून यांना फोन करायची. एक दिवस मागे सारखा घर्रर्र घर्रर्र आवाज येत होता. मी विचारलं, "कसला आवाज येऊन राहिला?" हे म्हणाले, "ट्रका चालल्या. रस्त्यावर उभा आहो." मी म्हणाले, "बाजूले उभे राहा, सांभाळून." मी त्या माणसाला ट्रकपासून सांभाळायला सांगितलं होतं. मी समुद्र ऐकला होता, माझ्या स्वतःच्या कानाने, आणि मला तो ट्रक म्हणून दिला गेला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं? यांनी समुद्र पाहिला याचं मला एवढं वाटलं नसतं. येऊन सांगितलं असतं, 'चूक झाली, पाहून आलो, राहवलं नाही,' तर मी चार दिवस फुरंगटले असते आणि पाचव्या दिवशी विचारलं असतं की कसा होता. पण त्यानंतरही हे धरणावर माझ्यासमोर बसून, मरळीचे काटे काढत, 'खरं बाकी आहे' म्हणत राहिले. नणंद शेजारी बसून 'असाच असन ना' विचारत राहिली. तिघंही पाण्याकडे पाहायचे आणि तिघांनाही ठाऊक होतं. त्या टेबलावर अडाणी मी एकटीच होते, आणि भरती-ओहोटी मीच शिकवत होते.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, एवढ्याशा गोष्टीसाठी? बाबांनी काय लफडं केलं का?" तिचंही चुकलं नाही. लफडं असतं तर चार माणसं माझ्या बाजूने उभी राहिली असती. समुद्रासाठी कोण उभं राहणार? मी तिला म्हणाले, "हो, एवढीशीच आहे," आणि फोन ठेवला. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

महिनाभराने हे रेल्वेची दोन तिकिटं घेऊन आले. देवाच्या फोटोखाली ठेवली, मला हातात द्यायची हिंमत झाली नसावी. "चल, आता जाऊ. तुले पाहाचा होता ना."

"मले आपला पाहाचा होता," मी म्हणाले. "आता जो पाहीन तो तुमचा पाहिलेला असन. तिथं उभी राहीन अन् टाचेखाली रेती सरकन, तवा मले तुमचाच पाय दिसन."

तिकिटांची तारीख होऊन गेली. ती अजून फोटोखालीच आहेत, उदबत्तीची राख पडून करडी झालेली. धरणावरच्या हॉटेलात आम्ही त्यानंतर गेलो नाही. नणंदेचे फोन येतात, मी हो-नाही करते. भाऊबीजेला ती येणार होती, मग तिचं काही जमलं नाही. मीही आग्रह केला नाही.

आणि यंदा नवं आलं. बटईदाराने सकाळी पायलीभर तांदूळ आणून दिला. अजून ओलसर, हातात घेतला तर तळव्याला चिकटणारा. हे लाखांदूरला पेन्शनच्या कामाला गेले होते, दुपारच्या एसटीने येणार होते. मी भात टाकला. त्या भाताला येतो तो वास सगळ्या घरभर झाला. देवापुढे वाटी ठेवली. नेहमी मी पातेल्यावर ताट झाकते आणि दाराकडे पाहत बसते. त्या दिवशी मी एकच ताट घेतलं. भात वाढला, त्यावर वरण, तूप. बारा वाजता, उजेडात, दार सताड उघडं ठेवून, एकटी जेवायला बसले. लपवून करायचं नव्हतं मला. सगळं जेवले. ताटात एक शीत ठेवलं नाही, आणि रिकाम्या ताटापुढे तशीच बसून राहिले.

हे दोनला आले. चपला काढता काढता थांबले. वास ओळखला असणार. "नवं आलं?"

"आलं."

यांनी चुलीकडे पाहिलं, पातेल्यावर झाकण नव्हतं. मग माझ्या ताटाकडे पाहिलं. "तू जेवली?"

"जेवली."

हे आत गेले. हातपाय धुऊन आले, स्वतःच ताट घेतलं, स्वतः वाढून घेतलं आणि माझ्यासमोर बसले. पहिला घास हातात धरून बराच वेळ बसले. चेहरा उतरलेला होता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा या माणसासाठी घरात कोणी थांबलं नव्हतं. मला वाटलं होतं, हे पाहून माझ्या जिवाला थंडावा मिळेल. नाही मिळाला. खरं सांगायचं तर मला त्या भाताची चवही लागली नव्हती. नुसता भात होता तो, गिचका झालेला. आणि तेव्हा माझ्या मनात एक आशा आली. वाटलं, यांचंही तिकडे असंच झालं असेल. मला सोडून पाहिलेला समुद्र यांनाही असाच फिका लागला असेल, पुढ्यात एवढं पाणी आणि घशाखाली काही उतरत नाही, असं झालं असेल. तसं असेल तर मी सोडून देईन. आज, आत्ता, याच ताटावर सोडून देईन.

म्हणून मी विचारलं. "मले एकटीले चव नाही लागली. तुम्हाले समुद्र असाच लागला होता काय?"

यांनी घास परत ताटात ठेवला. विचार केला. खोटं बोलायची वेळ आयुष्यात कधी असेल तर ती तेव्हा होती, आणि मला ते खोटं हवं होतं.

"नाही," हे म्हणाले. "मले बहुत आवडला होता."

मी माझं ताट उचललं आणि मोरीवर नेऊन घासत बसले.